सहा नंबरची बाटली

तातोबामामा माझ्या टेबलाशी आले, बर्नरची रबरी नळी उगाच ओढून पाहिली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "एकशे बावीस."

मी मान हलवली. ते पुढच्या टेबलाकडे सरकले. तिथलीही नळी ओढली. "एकशे अठ्ठावन्न." त्याच्या पुढे, "एकशे तेहतीस. आणि तुझं लई निवांत चाललंय, जरा हात उचल."

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. साल एक्क्याण्णव. बारा विद्यार्थी, सहा बाटल्या, म्हणजे दोघांना मिळून एक बाटली. बाटलीवर फक्त नंबर. आत पांढरी भुकटी. चार तास वेगवेगळ्या चाचण्या करायच्या, भुकटी जाळून बघायची, विरघळवून बघायची, किती तापमानाला वितळते ते मोजायचं, आणि शेवटी ती कोण आहे ते ओळखून लिहायचं. विद्यापीठाची अशी कल्पना होती.

आमच्या कॉलेजात हाच प्रवास शेवटाकडून सुरू व्हायचा. प्रत्येक भुकटीचा वितळण्याचा आकडा ठरलेला असतो. तो कळला की नाव कळतं, नाव कळलं की आदल्या वर्षीच्या जर्नलमधून चाचण्या उतरवून काढता येतात. आकडा मामांना माहीत असे, कारण बाटल्या तेच भरत. मामा प्रयोगशाळेतले शिपाई. नात्यानं कुणाचेच मामा नव्हते, पण चौदा वर्षांत त्यांच्या हाताखालून एकही पोरगा प्रात्यक्षिकात नापास झाला नव्हता, आणि सख्ख्या मामांपैकी किती जणांना असं म्हणता येईल? या निकालाचं श्रेय आमचे विभागप्रमुख सबनीस सर घेत असत. मामा घेऊ देत असत.

एकशे बावीस म्हणजे बेंझोइक अ‍ॅसिड. मी पेन काढलं आणि लिहायला लागलो. 'पदार्थ ज्योतीवर धरला असता काजळी धरणाऱ्या ज्योतीने जळतो.' पदार्थ बाटलीत होता, बर्नर बंद होता.

"मामा, थर्मामीटर हवाय."

हे माझ्या शेजारच्या टेबलावरून आलं. कुंदा येसुगडे. तिलाही सहा नंबरच आला होता. कुंदा आमच्या वर्गात पहिली यायची, आणि नऊ किलोमीटर सायकल मारून यायची. एम.एस्सी.साठी विद्यापीठात तिचं नाव जवळजवळ लागलेलं होतं. फक्त आजचा दिवस पार पडायचा होता. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे आख्खं वर्ष नापास, मग लेखी पेपरात कितीही मिळवा.

पंगतीला बसलेल्या माणसानं उठून स्वयंपाकघरात यावं आणि डाळ धुतली होती का म्हणून विचारावं, तेव्हा आचारी बघेल तसं मामांनी तिच्याकडे पाहिलं.

"थर्मामीटर कशाला? सांगितलं न्हवं एकशे बावीस?"

"सांगितलंत. पण बघते एकदा."

"फुटंल."

"नाही फुटणार."

कॉलेजकडे चार थर्मामीटर होते आणि ते फुटू नयेत म्हणून कपाटात कुलपात असत. त्यामुळे चारही नवेकोरे होते. मामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत गेले आणि एक काढून घेऊन आले. तिच्या हातात देताना त्यांचा चेहरा मुलगी सासरी धाडणाऱ्या बापासारखा झाला होता.

कुंदा पहिल्यापासूनच अशी. आदल्या दिवशीचा टायट्रेशनचा प्रयोग घ्या. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या चंचुपात्रात फिकट गुलाबी रंग उमटला रे उमटला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर गडद होतं आणि सगळं वाया. आम्हा सगळ्यांच्या वहीत वाचन आधीच लिहिलेलं होतं. ही मात्र डोळे फाडून थेंब मोजत बसलेली. खिडकीतलं ऊन नेमकं तिच्या डोळ्यांवर येत होतं. मी शेजारून म्हणालो होतो, "थांब! थांब, आलं गुलाबी." तिनं तोटी बंद केली. खरंच आलं होतं, इतकं फिकं की पांढऱ्या कागदावर धरल्याशिवाय दिसू नये.

"तुझी नजर चांगली आहे रे," ती म्हणाली होती. "वापरत जा."

तर ती आता सहा नंबरची भुकटी तापवत बसली. मी दोन पानं लिहून मोकळा झालो होतो. बाहेरून आलेले परीक्षक, एक्स्टर्नल सर, फिरकले तर काहीतरी चाललंय असं दिसावं म्हणून मी बाटलीतली चिमूटभर भुकटी हातावर घेतली आणि बोटांत चोळली.

आणि माझी तर्जनी आपोआप ताठ झाली.

इथं सांगायला हवं, की मी कॉलेजचा कॅरम चॅम्पियन होतो. सलग दोन वर्षं. ती भुकटी बोटांवरून जशी घसरली, तशी घसरणारी पावडर मला झोपेतही ओळखता आली असती. बोरिक पावडर. जिमखान्यातली, कॅरम बोर्डावर टाकायची. बेंझोइक अ‍ॅसिड मी तीन वर्षांत कधी बोटांत चोळलं नव्हतं, पण ते असं नसणार, एवढं रसायनशास्त्र मला येत होतं.

मी मामांना खुणेनं बोलावलं.

"मामा, सहा नंबरात काय भरलंय?"

"बेंझोइक."

"खरंच?"

मामांनी इकडं तिकडं बघितलं. "आरं, बेंझोइक संपून तीन वर्सं झाली. सरांना सांगितलं तर म्हनले, मॅनेज करा. आपल्याकडं पांढरी भुकटी दुसरी कुठली एवढी हाय? पांढरी संपली, पांढरी भरली."

बोरिक अ‍ॅसिड आमच्या विभागात कधीच कमी पडत नसे. सबनीस सर रोज दुपारी अडीच ते चार स्टाफरूममध्ये कॅरम खेळत, आणि विभागाच्या रसायनांच्या मागणीत दरवर्षी सगळ्यात वर पाच किलो बोरिक अ‍ॅसिड असे.

"पण मामा, ती तपासतीय."

"तपासू दे. लिहील शेवटाला एकशे बावीसच. न लिहून जातीय कुठं?"

मी कुंदाकडे पाहिलं. थर्मामीटरचा पारा एकशे बावीसवर आला आणि पुढं गेला. भुकटी ढिम्म. एकशे चाळीस. एकशे साठ. तिनं छोट्या चमच्यात घेऊन ज्योतीवर धरली, तर जळेना. फुगली आणि काचेसारखी होऊन बसली. सोड्याच्या पाण्यात टाकली. बेंझोइक असतं तर फसफसलं असतं. ही तळाशी जाऊन गप्प.

"अरविंद," ती हळूच म्हणाली, "तुझं फसफसलं का?"

"भरपूर," मी म्हणालो.

"जळलं?"

"काजळी आली."

ती माझ्या कोरड्या टेस्ट ट्यूबकडे बघत राहिली. मग तिनं बशीत भुकटी घेतली, थोडं स्पिरिट ओतलं, जपून दोन थेंब तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड सोडलं आणि गरम करायला ठेवलं. बेंझोइक असेल तर याला पिकल्या फळासारखा वास येतो. मी ते ओळ क्रमांक सतराला लिहिलंही होतं. तिनं वास घ्यायला हातानं वाफ ओढली, तेवढ्यात वाफेनं बर्नरवरून पेट घेतला. भप्पकन ज्योत उठली.

हिरवी. दिवाळीतल्या भुईनळ्याला कडेनं येते तसली, कोवळी, स्वच्छ हिरवी.

हिरवी ज्योत म्हणजे बोरेट, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं. बहुधा चुकून. कुंदानं बशीवर झाकण ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. त्या दिवशी पहिल्यांदा.

"बघितलंस?"

मी बघितलं होतं. ती खाली बसून लिहायला लागली.

एक्स्टर्नल म्हणून जिल्ह्याहून कट्टी सर आले होते. जाड भिंगाचा चष्मा, खिशात तीन पेनं, आणि दर दहा मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघायची सवय, कारण साडेचारची एस.टी. चुकली की पुढची साडेसातला. शेवटच्या तासाला त्यांनी व्हायवा सुरू केली. मला दोन मिनिटांत सोडलं. "मेल्टिंग पॉइंट?" "एकशे बावीस, सर." "गुड."

मग कुंदाची वही. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं आणि कट्टी सरांनी चष्मा काढून पुसला.

"हे काय? 'दिलेला पदार्थ सेंद्रिय नाही. बोरिक अ‍ॅसिड.' यादीत बेंझोइक आहे, बाई."

"यादीत असेल, सर. बाटलीत बोरिक आहे."

सबनीस सर खुर्चीतून उठले. मामा कपाटाशी उभे होते ते कपाटालाच चिकटले.

"मेल्टिंग पॉइंट किती आला?" कट्टी सरांनी विचारलं.

"एकशे सत्तरच्या पुढं, सर. ज्योतीवर जळत नाही. सोड्यात फसफसत नाही. आणि अल्कोहोल घातलं तर ज्योत हिरवी येते. परत करून दाखवू?"

मान्य केलं पाहिजे, त्या क्षणी कट्टी सरांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. या माणसानंही कधीकाळी थर्मामीटर मागितला असावा. ते म्हणाले, "दाखवा की."

"स्पिरिट संपलं, साहेब," मामा म्हणाले.

मामांच्या पाठीमागे, फळीवर, पाऊण भरलेली बाटली होती. मामा अर्धा हात डावीकडे सरकले आणि बाटली दिसेनाशी झाली.

सबनीस सर पुढं आले. आवाजात मध. "सर, मुलगी हुशार आहे. पण परीक्षेचं टेन्शन असतं. गेली तीन वर्षं सहा नंबरला आमचे विद्यार्थी एकशे बावीसच काढताहेत. दरवर्षी दोघं. सगळ्यांचा एकच आकडा, दशांशाचाही फरक नाही."

"दशांशाचाही नाही?" कट्टी सर म्हणाले.

"आमच्याकडे तयारीच तशी करून घेतो." सबनीस सरांनी थोडं थांबून, अगदी सहज सांगितलं, "मागच्या वर्षी एक्स्टर्नल आपणच होतात, सर. दोघांनाही आपण पैकीच्या पैकी दिले होते. सही आहे आपली."

कट्टी सरांच्या डोळ्यांतली लकाकी कुणी तोटी बंद करावी तशी गेली. त्यांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या बाकीच्या चाचण्या व्यवस्थित लिहिलेल्या आहेत. शेवटची ओळ तेवढी बदला. मी मार्क देतो."

"मग वरच्या चाचण्यांचं काय, सर?"

"त्याही... त्याला साजेशा करा."

"पण तसं झालंच नाही ना, सर. हिरवी ज्योत आली. ह्यानंपण बघितली." आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. "मुळीक शेजारीच होता. त्याचाही सहाच नंबर आहे. विचारा त्याला."

सगळी मुंडकी माझ्याकडे वळली.

माझे काका साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. 'फर्स्ट क्लास आण, लॅबमध्ये केमिस्ट म्हणून चिकटवतो,' असं त्यांनी सांगून ठेवलेलं होतं. फर्स्ट क्लासला मला जेवढे मार्क लागत होते, त्यातले निम्मे त्या बाटलीत होते. ज्योत हिरवी होती म्हटलं तर माझी काजळी, माझी फसफस आणि माझा पिकल्या फळाचा वास, सगळंच खोटं. नव्हती म्हटलं तर कुंदा माझ्या डोळ्यात बघणार. मी मधला रस्ता काढला. तो इतका हुशारीचा वाटला की आपण केमिस्ट्री कशाला घेतली, वकिलीच करायला हवी होती, असंही क्षणभर वाटून गेलं.

"ज्योत आली होती, सर," मी म्हणालो. "पण रंग मला सांगता येणार नाही. मला रंग नीट कळत नाहीत. जन्मापासून."

सबनीस सरांनी सुटकेचा श्वास टाकला, तो चार टेबलं पलीकडे ऐकू गेला. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून कट्टी सरांना म्हणाले, "बिचारा. कधी बोलला नाही हो. अशा परिस्थितीतसुद्धा पोरगं एकशे बावीस काढतंय."

कुंदा माझ्याकडे बघत होती. काल तिला फिकट गुलाबी मी दाखवलं होतं, ऊन डोळ्यांवर असताना, दीड हातावरून. तिनं फक्त तेवढं बोलायचं होतं. ती बोलली नाही. का बोलली नाही, ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. मला वाचवायला गप्प बसली असेल असं मी धरून चाललो होतो. माणूस स्वतःबद्दल किती चांगलं धरून चालू शकतो!

"राहू दे, सर," ती म्हणाली. "मी ओळ बदलत नाही."

"वर्ष जाईल, बाई."

"माझं जाईल ना."

तिनं थर्मामीटर पुसून मामांच्या हातात दिला. मामांनी तो उजेडात धरून फुटला आहे का ते पाहिलं. कट्टी सरांना साडेचारची एस.टी. मिळाली.

जूनमध्ये निकाल लागला. मला फर्स्ट क्लास. कुंदा येसुगडे, लेखीत विद्यापीठात अकरावी, प्रात्यक्षिकात नापास. मामांच्या कारकिर्दीतली पहिली. मामा त्या आठवड्यात कुणाशी धड बोलत नव्हते. "माझ्या हातनं न्हाई झालं ते," एवढंच म्हणायचे.

ऑक्टोबरला ती परत बसली. एकटीच. कर्मधर्मसंयोगानं तिला सहा नंबरच आला. मधल्या काळात सबनीस सर स्वतः पुण्याला जाऊन खऱ्याखुऱ्या बेंझोइक अ‍ॅसिडची बाटली घेऊन आले होते. तिनं थर्मामीटर मागितला, जाळून बघितलं, काजळी आली. सोड्यात टाकलं, फसफसलं. पारा एकशे बावीसवर आला आणि भुकटी वितळली. तिनं लिहिलं, बेंझोइक अ‍ॅसिड. पैकीच्या पैकी मिळाले.

"शेवटी शहाणी झाली पोरगी," सबनीस सर स्टाफरूममध्ये सोंगटी मारता मारता म्हणाले. सगळ्या कॉलेजचं तेच मत पडलं. मीही मान हलवली असावी.

माझ्या बाबतीत सबनीस सरांनी उपकारात कमतरता ठेवली नाही. मी न मागता त्यांनी शिफारसपत्र दिलं, बंद पाकिटात. कारखान्याच्या मुख्य केमिस्टनं ते माझ्यासमोर उघडून मोठ्यानं वाचलं. 'रंग ओळखण्याची निसर्गदत्त उणीव असूनही या विद्यार्थ्याने प्रथम श्रेणी मिळवली.'

"वा," मुख्य केमिस्ट म्हणाले. "कौतुक आहे. पण आमच्याकडे दिवसभर रंगच बघायचा असतो हो. रसाचा रंग, पाकाचा रंग, साखरेचा रंग. तुम्ही काय बघणार?"

मला सगळं दिसतं, असं म्हणता आलं असतं. मग पुढचंही सगळं सांगावं लागलं असतं. काका बाहेर आल्यावर कडाडले, "तुला रंग दिसत नाहीत हे घरात कुणालाच कसं ठाऊक नाही?" पण त्यांनी शब्द टाकलाच होता, तो वाया कशाला घालवायचा, म्हणून मला टाइम ऑफिसात घेतलं. हजेरी लावायची. काळी शाई, पांढरा कागद. लग्नानंतर बायकोनं कुठल्याही साडीबद्दल माझं मत कधी विचारलं नाही, हा त्यातला फायदा.

चार वर्षांनी त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये एम.एस्सी. झालेली नवीन केमिस्ट आली. पहिल्या दिवशी माझ्या खिडकीशी उभी राहून तिनं सही केली. "कुंदा येसुगडे," ती म्हणाली, जसं मला नाव माहीतच नव्हतं. मी म्हणालो, "इथं, मॅडम." त्यानंतर बावीस वर्षं रोज सकाळी आठला दोन मिनिटं कमी असताना ती सही करत आली आहे. आता ती मुख्य केमिस्ट आहे. कॉलेजचा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

परवाच्या सव्वीस जानेवारीला कारखान्याच्या क्रीडास्पर्धा होत्या. कॅरमच्या अंतिम सामन्यात मी होतो. ती एक गोष्ट मला अजून येते. बक्षीस द्यायला मॅडम. बोर्डाभोवती गर्दी. शेवटचा डाव, माझी एकच सोंगटी राहिलेली आणि राणी मधोमध, समोरच्याच्या काळ्या सोंगट्यांच्या घोळक्यात. मी स्ट्रायकर ठेवला, नेम धरला आणि लाल राणी कोपऱ्यातल्या भोकात सरळ गेली. टाळ्या पडल्या. आता नियमाप्रमाणे तिच्या पाठोपाठ माझी सोंगटी घालून कव्हर घ्यायचं, की राणी माझी.

"मुळीक," मॅडम म्हणाल्या, "राणी बरोबर दिसली हो तुम्हाला."

"अंदाजानं खेळतात मॅडम ते," टाइम ऑफिसातला एक जण अभिमानानं म्हणाला. "त्यांना रंग दिसत नाही. निसर्गदत्त आहे."

"हो का?"

त्या वाकल्या. बोर्डाच्या कडेची पावडर चिमटीत घेतली, अंगठ्यानं तर्जनीवर चोळली, हळूहळू, बोटांवरून घसरेल तशी. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"एकशे बावीस," त्या म्हणाल्या आणि बुद्धिबळाच्या टेबलाकडे निघून गेल्या.

कुणाला काही कळलं नाही. सगळे माझ्या स्ट्रायकरकडे बघत होते. सोंगटी भोकाच्या तोंडाशी होती, डोळे मिटून गेली असती.

कव्हर चुकलं. राणी परत मधे ठेवली.